डॉक्टरांना काय म्हणायचं आहे?

८ फेब्रुवारी

काल सूनबाईचा दादा येऊन गेला. भला माणूस. खुर्चीच्या अगदी कडेवर बसतो, जणू पूर्ण बसलो तर खुर्चीला त्रास होईल. चहा संपला तरी रिकामा कप हातात धरून होता. मग एकदम म्हणाला, "अगं, दोन वर्षं झाली आता. इथे राहून तू करणार काय?"

दोन वर्षं म्हणजे माझा मुलगा गेल्याला. हे मी या वहीत एकदाच लिहितो.

सूनबाई म्हणाली, "जूनअखेरपर्यंत थांब, दादा. नोकरी मिळाली तर मी इथेच राहणार. नाही मिळाली तर तू म्हणशील तशी येईन. बाबांच्या पेन्शनवर मी बसून खाणार नाही."

"आणि बाबा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझी काळजी नको, लेकीने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे." दादाने "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं. तरुण माणूस, आणि कान आत्तापासून असे.

जून गाठायला वेळ आहे. रोज लिहायला विषय मिळेल, म्हणून वही उघडली. चाळीस मुलांच्या वर्गाला कविता शिकवण्यात जन्म गेला, पण स्वतःचं असं काही लिहिलं नाही.

तिचं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. लग्नानंतर ते बाजूला पडलं. गेलं वर्षभर मुलाच्या टेबलाशी बसून तिने मेडिकल कोडिंगचा अभ्यास केला आणि जानेवारीत परीक्षा पास झाली. हे काय प्रकरण आहे ते तिने मला पुन्हा समजावलं. डॉक्टर रोग्याला तपासतो आणि काय पाहिलं, काय केलं ते लिहितो. जगातल्या प्रत्येक दुखण्याला आणि उपचाराला एक ठरलेला क्रमांक आहे. डॉक्टरचं लिखाण वाचून नेमके क्रमांक लावायचे. त्यावरून विमा कंपनी पैसे देते, त्यावरूनच रोग्याची नोंद राहते.

"म्हणजे रसग्रहणच की!" मी म्हणालो.

"काय म्हणालात, बाबा?"

ती दिवसभर कानात ते हेडफोन घालून व्याख्यानं ऐकते. त्याचा हा परिणाम.

११ फेब्रुवारी

प्रमाणपत्र आलं. सुंदर, जाड कागद. पण तिच्या पदवीच्या शेवटी "शिकाऊ" असं एक शेपूट जोडलेलं आहे. दोन वर्षं काम केलं की शेपूट गळतं. काम मिळवायला गेलं की दोन वर्षांचा अनुभव मागतात. "बेडकाचं बरं," सूनबाई म्हणाली, "त्याचं शेपूट गळायला कुणी दाखला मागत नाही."

बहुतेक अर्ज गेले तसे परत आले. काही परत यायच्याही लायकीचे ठरले नाहीत.

संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा बाकावर माझ्या शिंपी मित्राला हे सांगितलं. आम्ही दोघे निवृत्त. तो अजून माणसाकडे आधी खांद्यांच्या मापाने पाहतो. म्हणाला, "मास्तर, मला पहिल्या दिवशी कोट शिवायला दिला असता तर मालकाला वेड लागलंय म्हणाले असते. मी वर्षभर काजं केली." मग म्हणाला, "आणि तुम्ही जरा तोंड उघडून बोला हो. मिशीत बोलताय."

मला मिशी नाही. तोही बहिरा होत चालला आहे. वयच आहे त्याचं.

२६ फेब्रुवारी

आज लिहायला हात चालत नाही. अक्षरही मुंग्यांच्या रांगेसारखं येतंय. पेनाचं टोक बारीक आहे, बदलायला हवं.

एका मोठ्या कंपनीने सूनबाईला चाचणीला बोलावलं होतं. सकाळी निळी साडी नेसून, केस घट्ट बांधून गेली. जिन्यात थांबून म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला." मी म्हणालो, "पेपर आधी पूर्ण वाच. मग ओळींच्या मधलं वाच." तीस वर्षं मुलांना हेच सांगितलं. शब्दांत असतं ते कुणालाही दिसतं, शब्दांपलीकडचं पाहणारा खरा वाचक.

दुपारी परत आली. चपला नीट जोडून ठेवल्या. त्यावरूनच ओळखलं, कारण आनंदात असली की ती एक चप्पल इकडे, एक तिकडे भिरकावते.

नापास झाली. चाचणी घेणाऱ्या बाईंनी चुका दाखवल्या, एवढी माणुसकी केली. एका रोग्याच्या कागदावर बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरने लिहिलं होतं: खूप दिवसांचा खोकला, वजन उतरलं, क्षयाचा संशय, पुढील तपासण्या सांगितल्या. सूनबाईने क्षयाचा क्रमांक लावला.

"मग?" मी विचारलं. "डॉक्टरला क्षयच म्हणायचं होतं ना?"

"म्हणायचं असेल. पण म्हटलेलं नाही. संशयाला क्रमांक नसतो, बाबा. खोकल्याला आहे, वजन उतरण्याला आहे. बाह्यरुग्णाच्या कागदावर संशय असेल तर फक्त लक्षणं घ्यायची. त्या बाई म्हणाल्या, तपासणीत काही निघालं नसतं, तरी तुमच्यामुळे त्या माणसाच्या नावावर क्षय कायमचा चिकटला असता. उद्या त्याला नोकरी नाकारली, विमा नाकारला, तर कोणाला विचारेल तो?"

थोड्या वेळाने म्हणाली, "मला नियम पाठ होता. पण कागद वाचताना तो माणूस दिसायला लागला. खोकणारा. मी त्याची गोष्ट पूर्ण केली."

हे तिला मीच शिकवलं आहे, असं मला वाटून गेलं. स्वयंपाक करताना ती माझ्याकडून कविता म्हणून घेते, अर्थ विचारते.

२७ फेब्रुवारी

आज तिने खेळ काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, एखादी कविता म्हणा. मी कोडर म्हणून वाचते."

मी पाचवीच्या पुस्तकातली म्हटली. कवीचं नाव पुस्तकातही नव्हतं.

नदी निघाली, वळून पाही, काठ म्हणे तिज "थांब जरा"
हसली ती अन् ठेवुन गेली काठापाशी एक झरा

"कवीला काय म्हणायचं आहे?" मी वर्गातल्या थाटात विचारलं. या प्रश्नावर मुलं बाकाखाली पेन्सिली शोधायला जायची.

सूनबाईने बोटावर मोजलं. "नदी निघाली. वळून पाहिलं. काठ थांब म्हणाला. नदी हसली. झरा ठेवला. गेली."

"आणि काठाचं दुःख?"

"लिहिलेलं नाही."

"अगं, नदीचा पाय निघत नव्हता!"

"लिहिलेलं नाही, बाबा. ती हसली, एवढंच लिहिलं आहे."

मी चिडलो. मग हसू आलं. मग त्याच दोन ओळी पुन्हा मनाशी म्हटल्या. इतकी वर्षं शिकवली, पण नदी हसली होती याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी दर वर्षी पोरांना काठाचं दुःखच लिहून द्यायचो.

१६ मार्च

काय मुलगी आहे ही! पंधरवडाभर रोज सकाळी बाहेर पडत होती. पायी जाता येईल असा एकही दवाखाना सोडला नाही. तिने नोकरी मागितलीच नाही. आत जाऊन विचारायची, "विमा कंपनीने परत पाठवलेली बिलं तुमच्याकडे पडून आहेत का? मला ती का परत आली हे शिकायचं आहे."

बहुतेकांनी तिला वेड्यात काढलं. एकाला ती विमा कंपनीची हेर वाटली. काल मात्र चौकातल्या हाडांच्या दवाखान्यात बिलं पाहणारी बाई भेटली. सूनबाई तिला चष्मेवाली म्हणते, कारण एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि शोधत असते तिसरा. ती म्हणाली, "पडून? अगं, कपाट उघडलं तर अंगावर येतील. पण कोडरची जागा नाही हं माझ्याकडे. नोंदणीच्या खिडकीत अर्धा दिवस बसशील का? फोन घे, नावं लिही, लोकांच्या शिव्या खा. दुपारनंतर कपाट तुझं."

पदवीधर, परीक्षा पास झालेली, आणि खिडकीत बसायचं. मला थोडं लागलं. ती मात्र घरात शिरली ती एक चप्पल दारात आणि दुसरी पार खाटेखाली.

शिंप्याला सांगितलं. तो म्हणाला, "काजं. मी म्हटलं नव्हतं?"

५ एप्रिल

सूनबाईने सध्या अभ्यासासाठी मला धरलं आहे. शरीराचे भाग पाठ करायला तिला माणूस लागतो. मीच तिचा सांगाडा. काल म्हणाली, "बाबा, दारापर्यंत चाला." चाललो. "परत या." आलो. "चालताना उजवा हात हलतो. डावा का हलवत नाही?"

"त्याला कुठे जायचं नसेल," मी म्हटलं. ती हसली नाही.

तिचा अभ्यास फार बारीक चालला आहे. सदऱ्याची बटणं मी लावतो तेव्हाही बघत असते. हल्लीची बटणंच वाईट, काजात शिरत नाहीत. शिंप्याला दाखवला सदरा. त्याने बटण घातलं, काढलं, घातलं. म्हणाला, "काज चांगलं आहे, मास्तर." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कारागीर माणूस, दुसऱ्याने शिवलेलं चांगलं म्हणताना जड जात असेल.

साबणांनाही हल्ली वास उरलेला नाही. सूनबाई म्हणते, तोच साबण आहे.

२३ एप्रिल

मोठी बातमी. तिने दुरुस्त करून पाठवलेलं पहिलं बिल मंजूर झालं!

एका सुताराचं बोट. करवतीखाली आलेलं. डॉक्टरने टाके घातले, पट्टी बांधली, पण कोणत्या हाताचं बोट ते लिहायला विसरला. आधीच्या कुणीतरी अंदाजाने उजवा लावला. विमा कंपनीने पाहिलं तर त्याच्या उजव्या हाताला ते बोट काही वर्षांपासूनच नाही. बिल परत. पैसे बिचाऱ्या सुताराकडे मागायला लागले.

सूनबाईने कागद घेतला आणि सरळ डॉक्टरच्या खोलीत गेली. डॉक्टर जेवत होता.

"उजवा की डावा?" तिने विचारलं.

"अहो, बाई, मला सकाळपासूनची माणसं आठवत नाहीत. मागच्या महिन्यातलं बोट काय आठवणार?"

"क्ष-किरणाच्या फोटोवर खूण असते. मी फोटो आणला आहे. तुम्ही पाहा, आणि तुमच्या नोंदीला आजच्या तारखेने जोड लिहा. मी लिहून चालणार नाही."

डॉक्टरने हात पुसले, फोटो पाहिला, डावा असं लिहिलं, सही केली. ती निघाली तेव्हा चष्मेवालीला म्हणाला, "ही कोण आणलीत तुम्ही? हिला घाबरून मी आता नीट लिहायला लागणार."

हे सांगताना सूनबाईचे डोळे असे चमकत होते! म्हणाली, "बाबा, तुमच्यात आणि माझ्यात हाच फरक. कवीला काय म्हणायचं आहे हे तुम्ही नुसतं ओळखत बसायचं, कारण कवीला विचारता येत नाही. माझा डॉक्टर जिवंत आहे. शेजारच्या खोलीत जेवतोय. मला कळलं नाही तर मी विचारायचं. ओळखायचं नाही."

तीस वर्षांत माझ्या वर्गात असं वाक्य कुणी बोललं असतं तर मी त्याला खांद्यावर घेतलं असतं.

९ मे

लेकीचा फोन आला. खोली फिकट हिरवी आहे म्हणे. "बाबा, तुम्ही पुटपुटता का? काहीच कळत नाही." तिच्याकडे फोनची लाइन खराब असते.

मग विचार करत बसलो. मे अर्धा होईल आता. खिडकीतली अर्ध्या दिवसाची कमाई म्हणजे दादाला दाखवायची नोकरी नव्हे, हे सूनबाई स्वतःच म्हणते. ती ज्या जिद्दीने इथे टिकून राहायला धडपडते आहे, ती या भिंतींसाठी तर नसेल. मुलाच्या आठवणीसाठी असेल. तिला तरी या घरात का अडकवून ठेवायचं? काठाने थांब म्हणू नये. मी ठरवलं, आपणच तिला सांगायचं, बाळ, तू दादाकडे जा, मी आनंदाने लेकीकडे जातो.

भाषण तयार केलं. जेवणानंतर, ती ताटं उचलत असताना म्हटलं. पूर्ण म्हटलं. एक दृष्टांतही घातला.

ती ताटं तशीच धरून जवळ आली. "काय म्हणालात, बाबा? नळ चालू होता. मोठ्याने म्हणा."

दुसऱ्यांदा म्हणायचं धैर्य झालं नाही. "काही नाही. भाजी छान होती, म्हटलं."

"एवढं लांब?" ती म्हणाली.

पण नळ चालू नव्हता. मला आत्ता लिहिताना आठवलं.

११ जून

त्याच मोठ्या कंपनीची दुसरी चाचणी. चष्मेवालीने तिला शिफारसपत्र दिलं. त्यात एकच वाक्य होतं: "हिला जे माहीत नसतं ते ही विचारते."

निघताना जिन्यात थांबली. "बाबा, काहीतरी बोला."

या वेळी मी म्हटलं, "फक्त ओळी वाच."

"ऐकू नाही आलं."

मी जोर करून पुन्हा म्हटलं. जिन्यात घुमेल असं वाटलं होतं, पण घुमलं नाही. तिला मात्र कळलं. तिने माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं आणि गेली.

आली तेव्हा एक चप्पल नीट ठेवली आणि दुसरी भिरकावली. काय समजायचं?

१५ जून

अजून काही कळवलेलं नाही. फोन वाजला की ती हात पुसते, मग उचलते. प्रत्येक वेळी गॅसवाला, नाही तर लेक.

सांगत होती, पेपरात एक गुडघा होता. वरच्या ओळीत डॉक्टरने उजवा लिहिला, खाली तपासणीत डावा. तिने दोन्हीपैकी एकही क्रमांक लावला नाही. जागा रिकामी ठेवली आणि समासात लिहिलं: "उजवा की डावा? डॉक्टरांना विचारावे."

"अगं, परीक्षेत जागा रिकामी ठेवलीस?" माझ्यातला मास्तर ओरडला. म्हणजे मी ओरडलो असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "अर्धा गुण तरी अंदाजाने मिळाला असता. पण मला नाही जमलं, बाबा. त्या सुताराचं बोट डोळ्यांसमोर येत होतं."

अर्ध्या गुणावर तिचं इथलं राहणं लटकलं आहे आणि तिने तो सोडून दिला. घाबरलो. आणि छाती फुगली ती वेगळीच.

१८ जून

सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर एका डॉक्टरांकडे चला." तिच्या सरावाला असेल म्हणून गेलो. नसांचे डॉक्टर होते, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे.

त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "मला काही होत नाही. आजूबाजूच्या लोकांना कमी ऐकू येतं."

मग सूनबाईने सांगितलं. कागद नव्हता हातात. उभ्याने, एखाद्या शांत मुलीने पाढा म्हणावा तसं सांगितलं. आवाज हिवाळ्यापासून लहान होत गेला आहे. चालताना डावा हात हलत नाही. डावी चप्पल घासते, तिची टाच उजवीपेक्षा जास्त झिजली आहे. बटणं लावायला वेळ लागतो, काजं ठीक आहेत. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होतं, किराणाची चिठ्ठी दुकानदाराला वाचता आली नाही. साबणाचा वास येत नाही. चेहरा पूर्वीइतका हसत नाही, पण विनोद करतात.

मी ऐकत राहिलो. कुणीतरी माझ्यावर कविता केली आहे आणि तीत एकही विशेषण नाही, असं वाटलं. माझ्या आईनेही मला इतकं निरखलं नसेल.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नर्स आहात?"

"नाही. कोडर आहे. म्हणजे, होणार आहे."

"मग तुम्हाला काय वाटतं, काय असेल?"

"ते माझं काम नाही, डॉक्टर. मी दिसलं तेवढंच सांगितलं."

डॉक्टर हसले. मग गंभीर झाले. मला हात उघडमीट करायला लावलं, चालायला लावलं, मागून खांदा ओढून पाहिला. शेवटी एक शब्द उच्चारला आणि लगेच म्हणाले, "सध्या संशय आहे. औषध सुरू करू, प्रतिसाद पाहू, मग नक्की काय ते."

तो शब्द मी इथे लिहीत नाही. संशयाला क्रमांक नसतो, हे मला आता ठाऊक आहे. लक्षणं वर आलीच आहेत.

घरी येताना रस्त्यावर ती माझ्या डाव्या बाजूने चालली. मी म्हणालो, "म्हणजे शिंप्याचे कान चांगले आहेत तर."

"चांगले आहेत, बाबा."

"आणि तुझे?"

"माझेही."

एवढे महिने मी तिचा सांगाडा झालो होतो असं समजत होतो! आणि ती इथे का टिकून राहायला बघते आहे यावरही मी काहीतरी लिहून ठेवलं आहे मागे. ते खोडत नाही. पण ती गोष्ट मी माझ्या मनाने पूर्ण केली होती, एवढी नोंद करतो.

२४ जून

मिळाली!!!

आधी हे लिहून टाकलं, आता सावकाश लिहितो.

सकाळी मुलाखतीला बोलावलं होतं. मागच्या वेळच्याच बाई. समोर तिचा पेपर, गुडघ्याभोवती लाल गोल.

"परीक्षेत जागा रिकामी सोडू नये, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग अंदाजाने एक का लावला नाही? बाकी सगळ्यांनी लावला."

सूनबाई म्हणाली, "गुडघा माझा असता तर लावला असता."

बाईंनी पेपर मिटला. मग म्हणाल्या, "तो गुडघा आम्ही मुद्दाम घातला होता. नियम शिकवता येतात. ही भीती शिकवता येत नाही. अनुभव किती?"

"नोंदणीच्या खिडकीत मार्चपासून. आणि एक कपाट परत आलेली बिलं."

"फेब्रुवारीत याच खुर्चीवर तुम्ही एका माणसाला क्षय दिला होता."

"हो. त्याची आठवण मी ठेवली आहे."

सहा महिने शिकाऊ म्हणून, मग कायम. सुरुवात जुलैत.

दोन्ही चपला कुठे पडल्या ते अजून सापडलेलं नाही. एक तर गॅलरीतच गेली असावी.

२७ जून

दादा आला. जून संपत आला म्हणून खोकी आणि दोरीचं भलंमोठं भेंडोळं घेऊनच आला होता. दारातच बातमी कळली. बिचारा खोकी घेऊन उभाच राहिला. मग खुर्चीवर बसला, आणि या खेपेस चक्क पूर्ण बसला.

"पण मग बाबांचं हे दुखणं..." त्याने हळूच काढलं. "तू नोकरीला जाणार, हे दिवसभर एकटे."

"सकाळी शिंपीकाका येतील, फिरायला नेतील. दुपारी चष्मेवाली जेवणाच्या सुट्टीत डोकावून जाईल, तिने स्वतःच सांगितलंय. संध्याकाळी मी आहे." मग ती म्हणाली, "दादा, हे माझे सासरे म्हणून मी राहत नाहीये."

"मग?"

"मला कविता समजावून सांगणारं दुसरं कुणी नाही म्हणून."

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला चालणार आहे ना, बाबा?"

मी उत्तर दिलं. पोटातून, पूर्ण श्वास घेऊन दिलं. त्याला पहिल्या झटक्यात ऐकू आलं. मी म्हणालो होतो, "हो."

आणलेली दोरी फुकट जाऊ नये म्हणून त्याने जाण्याआधी गॅलरीत कपडे वाळत घालायला ताणून बांधून दिली. गाठी फार चांगल्या मारतो.

१२ जुलै

औषध लागू पडतंय. वरचं बटण आज माझं मी लावलं. डॉक्टर म्हणतात, प्रतिसाद चांगला. शब्द त्यांनी आता नक्की केला आहे, म्हणून लिहितो: कंपवात. सूनबाईने त्याचा क्रमांक मला सांगितला. एक अक्षर आणि दोन आकडे, बस्स. एवढ्या मोठ्या शब्दाचं एवढंसं नाव! वर्गातल्या एखाद्या धिप्पाड मुलाला घरी लाडाने चिमुकलं काहीतरी म्हणतात, तसं वाटलं. भीती थोडी उतरली.

आवाजाच्या व्यायामाला एक ताई येते. ती म्हणाली, जवळच्या माणसाशी बोलू नका, लांबच्या माणसाशी बोला. रोज एक ठिकाण ठरवा आणि आवाज तिथपर्यंत फेका. मी म्हणालो, "मला शेवटचा बाक ठाऊक आहे."

आज सोमवार, सूनबाईचा कामाचा पहिला दिवस. निळीच साडी. जिन्यात थांबून नेहमीसारखं म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला."

मी म्हटलं, "तू पुढे हो. आज गॅलरीतून बोलतो."

दादाच्या दोरीवर कपडे होते, ते बाजूला सारून उभा राहिलो. ती खाली उतरली, फाटकातून बाहेर पडली, रस्त्याने चालू लागली. कोपऱ्यावर शिंप्याचं जुनं दुकान आहे. ते माझा शेवटचा बाक. ती तिथे पोचेपर्यंत थांबलो, श्वास घेतला आणि नदीची कविता म्हटली. दोन्ही ओळी. समोरच्या घरातलं कुणीतरी खिडकीत आलं. वरच्या मजल्यावर कुत्रं भुंकलं.

सूनबाई कोपऱ्यावर वळून उभी राहिली. तिने हात वर केला. हसली. मग गेली.

एवढं घडलं. बाकी लिहिलेलं नाही.